प्रकाशाची लेकरे : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका प्रतिमेचा प्रवास

सोलापूरच्या भवानी पेठेत डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी हिंडताना आम्हांला दोन प्रकारचे उजेड भेटतात. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या भागांत यंत्रमागांची खडखड चालू असते, आणि तेवढ्यात एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या दारावर कागदी चांदणी टांगलेली दिसते. आत एक लहानसा दिवा असतो. त्याने गल्ली उजळत नाही, फक्त उंबरठा दिसतो. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत संक्रांत येते, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात आणि शोभेच्या दारूकामाने शहराचे अवघे आकाश क्षणभर दिपून जाते. एक उजेड वर आकाशात असतो व तो सर्वांना एकदम दिसतो. दुसरा घरात असतो व जो जवळ जाईल त्यालाच दिसतो.

या लेखात आम्हांला या दोन उजेडांविषयीच लिहायचे आहे. ख्रिस्ती धर्मात श्रद्धावंतांना ‘प्रकाशाची लेकरे’ म्हटले जाते. मराठी भाषेत ही कल्पना आली तेव्हा ती कोणत्या उजेडाच्या रूपाने आली, आणि पुढे तिचे काय झाले, असा आमचा प्रश्न आहे. तो केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न नाही. स्वतःला प्रकाशातला म्हणवणारा माणूस न बोलताही दुसऱ्या कोणाला तरी अंधारातला ठरवीत असतो. हा अधिकार त्याला कोणी दिला, आणि त्याने तो कसा वापरला, हे पाहिल्याशिवाय मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास नीट वाचता येत नाही असे आम्हांला वाटते.

प्रथम मूळ वचनांकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनात येशू आपल्या साध्यासुध्या श्रोत्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आणि लगेच दोन दृष्टान्त देतो. एक डोंगरावर वसलेल्या, लपू न शकणाऱ्या नगराचा, व दुसरा घरातल्या दिव्याचा. मराठी भाषांतरकारांना या दुसऱ्या दृष्टान्तासाठी ‘माप’ आणि ‘दिवठणी’ हे शब्द सापडले. धान्य मोजायचे माप आणि दिवा ठेवायची दिवठणी या दोन्ही वस्तू मराठी घरात होत्याच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रकाशाच्या लेकरांप्रमाणे चालावे अशी आज्ञा आहे, व तिच्या जोडीला तुम्हीही एकदा अंधारच होता अशी आठवणही आहे. योहानाच्या पहिल्या पत्राने तर कसोटीच घालून दिली आहे. जो प्रकाशात असल्याचे सांगतो पण भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. म्हणजे शिष्यांचा प्रकाश हा मुळात उसना आहे. तो मालकीचा नाही, पेललेला आहे.

मराठीला ही प्रतिमा नवी नव्हती. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुरिताचा अंधार जावा व विश्वाने स्वधर्माचा सूर्य पाहावा असे मागणे मागितले आहे. घरची समई, देवळातली दीपमाळ, कार्तिकातले दिवे यांनी तर मराठी धर्मजीवन भरलेले आहे. म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्सला 1616 साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापताना परकी भाषा घडवावी लागली नाही. ओवी हा छंद, पुराण हा घाट आणि मराठीचे ऐश्वर्य त्याने जसेच्या तसे उचलले. परंतु गोव्याची ही परंपरा देशावरच्या वाचकांपर्यंत फार उशिरा पोहोचली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती लेखकांचा आरंभ नव्याने, छापखान्यापासून झाला.

या नव्या आरंभाची नावेच बोलकी आहेत. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली अहमदनगरहून जे नियतकालिक सुरू केले त्याचे नाव ‘ज्ञानोदय’. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे नाव ‘अरुणोदय’. त्यांनी चालविलेल्या एका मासिकाचे नाव ‘सत्यदीपिका’. अर्थात त्या काळी उजेडाची नावे ही काही ख्रिस्ती मंडळींची मिरास नव्हती. पुण्यात 1849 साली ‘ज्ञानप्रकाश’ निघाला होता. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या अवघ्या पिढीला आपण रात्रीतून पहाटेत येत आहोत असे वाटत होते. तरीही ‘उदय’ या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. ज्याचा उदय होतो त्याच्या आधी सगळी रात्रच असते. मिशनरी लेखनात ही रात्र म्हणजे शेजाऱ्याचा धर्म, त्याची दैवते, त्याचे आईबाप. खंडनमंडनाच्या त्या काळात दोन्ही बाजूंनी कठोर लिहिले गेले. पण मिशनऱ्यांच्या बाजूची कठोरता प्रकाशाच्या नावाने चालली होती, म्हणून तिचे माप वेगळे घ्यावे लागते.

मात्र हे लिहून थांबलो तर ‘ज्ञानोदया’वर अन्याय होईल. 1855 साली याच पत्राने मुक्ताबाई या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध छापला. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती आणि तिचे वय चौदाच्या आसपास होते. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने विचारले की वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता? हा प्रश्न कोणा पाद्र्याने तिच्या तोंडी घातलेला वाटत नाही. तिच्या वाक्यांत जे जळते आहे ते तिचे स्वतःचे आहे. येथे ‘ज्ञानोदया’ने प्रकाश पाडला नाही, त्याने दिवठणी पुरवली. दिवा मुक्ताबाईचा होता. आमच्या मते त्या पत्राच्या इतिहासातला हा सर्वांत उजळ प्रसंग, आणि तो घडला ते पत्र स्वतः बोलायचे थांबून दुसऱ्याला बोलू देत होते तेव्हा.

बाबा पदमनजी (1831-1906) यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बेळगावात जन्मलेल्या या तरुणाने 1854 साली बाप्तिस्मा घेतला. 1857 साली त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते आपण आजही शिकतो व शिकवतो. विधवांच्या दुःखाची हकीकत सांगणाऱ्या या पुस्तकाचा शेवट धर्मोपदेशाकडे झुकलेला आहे, त्यामुळे वर्गात त्याच्याविषयी थोड्या संकोचानेच बोलले जाते. आमचे लक्ष मात्र ‘अरुणोदय’ या नावाकडे जाते. अरुणोदय म्हणजे सूर्योदय नव्हे. सूर्य वर येण्याआधीची ती तांबडी वेळ. तेव्हा वस्तू दिसू लागतात, पण त्यांच्या सावल्या अजून पडत नाहीत. सबंध आयुष्याच्या कथेला पदमनजींनी मध्यान्हीचे नाव दिले नाही, पहाटेचे दिले. धर्मांतराने घर सुटते, आईवडिलांशी नाते तुटते, ज्ञाती ‘बाटगा’ म्हणते, हे सर्व भोगलेला माणूस आपल्या प्रकाशाला पूर्ण उजाडलेला म्हणत नाही. या नम्रतेत पुढच्या पिढीचे बीज आहे.

ती पुढची पिढी म्हणजे टिळक दांपत्य. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक वाचत वाचत पर्वतावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे अडकले. प्रकाशाचे व दिव्याचे ते वचन याच प्रवचनात आहे हे येथे आठवावे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी तुकारामाला कधी टाकले नाही. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या वाटेने, असेच ते मानीत. म्हणजे मागचे सगळे रात्र आणि पुढचे सगळे दिवस, ही विभागणी टिळकांनी मोडली. ज्या परंपरेतून आलो तिच्यातही दिवे होते असे त्यांनी कबूल केले, आणि म्हणूनच त्यांची भजने, अभंग, कीर्तने मराठी ख्रिस्ती उपासनेत परकी वाटली नाहीत. आजही मराठी चर्चमध्ये जे गाइले जाते त्याचा मोठा भाग टिळकांचा आहे.

परंतु टिळकांच्या प्रकाशाची झळ ज्या व्यक्तीला सर्वाधिक बसली तिने त्याविषयी काय लिहिले, हे पाहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. नवऱ्याने धर्मांतर केले तेव्हा लक्ष्मीबाईंना नातेवाइकांबरोबर राहावे लागले. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात, आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, काढला. विठ्ठलाच्या गावी, नवरा जिवंत असून सुटलेली बाई म्हणून राहणे काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. चारपाच वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या त्याही हिंदू म्हणूनच. आपले सोवळेओवळे त्यांनी काही काळ वेगळे सांभाळले. मग हळूहळू, कोणाच्याही प्रवचनाने नव्हे, माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, या एका विचाराने त्यांच्या मनातली जात गळून पडली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त हे सर्व आहे, आणि त्यात प्रकाशाची भाषा जवळजवळ नाही. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या बाईचे माहेर वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने ग्रासलेले होते, तिला ते सर्व अंधार म्हणून रंगवणे किती सोपे होते! लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या वडिलांना हसतात, पण त्यांच्यावर त्यांचा जीव आहे. त्या टिळकांनाही हसतात. त्यांचा तापट स्वभाव, हातात पैसा न टिकण्याची खोड, कोणालाही घरी घेऊन येण्याची सवय, काहीच त्या झाकत नाहीत. संतचरित्र लिहिण्याची सगळी सोय असताना त्यांनी संसार लिहिला. जे जसे आहे ते तसे दिसू देणे हे तर उजेडाचे पहिले काम, आणि ते काम ‘स्मृतिचित्रे’ जितके करते तितके त्या शतकातले कोणतेही धर्मोपदेशपर पुस्तक करीत नाही.

याच घराच्या उंबरठ्याआत त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोरसवदा कवी राहिला. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली तोच हा. तो ब्राह्मण होता व ब्राह्मणच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले, त्याचे लहरी रुसवे काढले. अरुण, संध्यातारक यांच्या कविता लिहिणारा हा मुलगा ख्रिस्ती घरात जेवत होता, आणि त्याला ख्रिस्ती करण्याची घाई त्या घराने केली नाही. घरातला दिवा घरातल्या सर्वांना उजेड देतो, या वचनाचा याहून सरळ अर्थ आम्हांला दाखवता येत नाही. 5 मे 1918 रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले.

जाण्यापूर्वी टिळकांनी एक पाऊल उचलले होते. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. प्रकाशाच्या लेकरांची नोंदवही चर्चच्या दप्तराबाहेरही असू शकते, असे एका दीक्षित पाद्र्याने म्हणणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते. दरबार फार काळ टिकला नाही. पण ‘उदया’पासून निघालेली प्रतिमा कोठवर येऊन पोहोचली, ते तो सांगतो. ‘ख्रिस्तायन’ही टिळकांच्या हातून अपुरेच राहिले, आणि ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लहानपणी ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती व जिला नवऱ्याने वाचायला शिकवले, तिने नवऱ्याचे महाकाव्य तडीस नेले.

पुण्याहून सोलापूरकडे येणारी गाडी वाटेत केडगावला थांबते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत उपाशी, टाकलेल्या मुलींना व स्त्रियांना रमाबाईंनी तेथे आणले. त्यांत अंध स्त्रियाही होत्या, आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवले जाई. संस्कृत पंडितेच्या नात्याने ज्यांनी कीर्ती मिळवली त्या रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते मुळावरून केले, आणि कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळेल असे साधे मराठी वापरण्याचा आग्रह धरला. छपाईचे काम मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, आणि हे संपूर्ण भाषांतर त्यानंतर बाहेर पडले. त्याच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद होऊ शकतात, पण ज्ञान वरून खाली पाझरू द्यायचे नाही, ते जमिनीवरच ठेवायचे, हा त्यामागचा निर्णय विसरता येत नाही.

आता आम्ही पुन्हा सोलापुरात येतो, आणि येथे आमचे लेखन अवघड होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशन येथे स्थिरावले. दुष्काळातली अनाथ मुले त्याने सांभाळली, मुलींची शाळा काढली, बालवाडी चालवली. रंगभवन परिसरातले फर्स्ट चर्च आजही शहराच्या ओळखीचे आहे. 1877 साली कापसाची पहिली मोठी गिरणी उभी राहिल्यापासून हे शहर कामगारांचे होत गेले होते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या गावात मिशनच्या शाळांनी केलेले काम नाकारता येणार नाही.

परंतु याच सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. कैकाडी, भाट, घंटीचोर अशा जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवून वसाहतींत आणली गेली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचे नाही, गिरणीत काम करायचे. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती, आणि तिच्यातल्या एका वस्तीला ‘उमेदपूर’ असे नाव होते. मिशनच्या माणसांनी तेथे शाळा, दवाखाना, हस्तव्यवसाय आणले. त्यांच्यात प्रामाणिक कळवळ्याची माणसे होती याविषयी आम्हांला शंका नाही. तरीही प्रश्न उरतोच. हजेरीची वही ज्याच्या हातात आहे, त्याच्या दुसऱ्या हातातला दिवा कुंपणाआतल्या माणसाला कसा दिसत असेल? तोंडावर धरलेला कंदील हाही उजेडच असतो. पण तो धरणाऱ्याचा चेहरा दिसू देत नाही.

उदयाची भाषा शेवटी येथवर पोहोचते असे आम्हांला वाटते. एका अवघ्या समाजाला अंधार म्हटले, की त्याला उजेडात आणण्यासाठी कुंपण घालणेही परोपकार वाटू लागते. हा दोष ख्रिस्ती मंडळींचाच असे मुळीच नाही. कायदा सरकारचा होता, मजूर गिरण्यांना हवे होते, आणि शहरातल्या सोवळ्या वस्त्यांना त्या कुंपणाविषयी कधी रुखरुख वाटल्याचे दिसत नाही. पण प्रकाशाचे नाव मिशनने घेतले होते, म्हणून योहानाच्या पत्रातली कसोटी प्रथम त्यालाच लागू होते. 1952 साली कायदा गेला. ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र सोलापूरच्या पत्त्यांत अजून आहे.

पुढे 1980 साली लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आले, 1987 साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. ज्यांच्या तोंडावर कंदील धरला गेला होता त्यांनी तो काढून घेतला आणि धरणाऱ्यांकडे वळवला. मराठी आत्मकथनाच्या परंपरेत ही पुस्तके ‘स्मृतिचित्रां’पासून दूर आहेत असे अभ्यासक्रमांच्या मांडणीवरून वाटते. आम्हांला ती शेजारची वाटतात. मुक्ताबाईचा निबंध, ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘उपरा’ यांना जोडणारा धागा धर्माचा नाही. ज्यांच्याविषयी इतर बोलत होते ती माणसे येथे स्वतः बोलू लागली, हा तो धागा आहे.

ख्रिस्ती दृष्टीने पाहिले तरी यात विसंगती नाही. प्रकाशाचे लेकरू होणे ही पदवी नव्हे, ती रोजची चाल आहे, असेच मूळ वचन सांगते. आपणही एकदा अंधार होतो हे जो विसरत नाही तोच ती चाल चालू शकतो. पदमनजींनी आत्मचरित्राला पहाटेचे नाव देऊन ही आठवण ठेवली. टिळकांनी दरबाराचे दार उघडे ठेवून ती ठेवली. लक्ष्मीबाईंनी उपदेश न करता संसार सांगितला, आणि रमाबाईंनी अडाणी म्हटल्या गेलेल्या बायकांच्या हाती खिळे दिले. जेथे ही आठवण सुटली तेथे कुंपण आले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची वाचनीयता या आठवणीवर अवलंबून आहे असा आमचा निष्कर्ष आहे. जेथे लेखक उदयाच्या उंचीवरून बोलतो तेथे ते आज जुने झाले आहे. जेथे तो दिवठणीच्या उंचीवर आहे तेथे ते टवटवीत आहे.

भवानी पेठेतली चांदणी नाताळानंतर काही दिवसांनी उतरवली जाते. तिच्या उजेडात आम्हांला फारसे काही दिसले होते असे नाही. एक उंबरठा, बाहेर काढलेल्या चार चपला, आणि आतून येणारे टिळकांचे एक भजन. शेजारच्या घरातली आजी दारात बसून ते ऐकत होती. ती कोणत्या धर्माची होती हे आम्ही विचारले नाही.